सोसायटीच्या सभेत पहिल्यांदा बोलायला उभं राहताना

जुलै-ऑगस्टमध्ये कधीतरी लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना'. वर तारीख, वेळ, ठिकाण (बहुतेक वेळा स्टिल्ट पार्किंग नाहीतर गच्ची), खाली विषयपत्रिका आणि तळाशी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. नवीन घर घेतलेली बरीच माणसं तो कागद नुसता बघून पुढे जातात. काही जण मात्र सभेला येतात, मागच्या खुर्चीवर बसतात, दोन तास आरडाओरडा ऐकतात आणि पुढच्या वर्षीपासून येईनाशी होतात. मला या दुसऱ्या माणसांची जास्त हळहळ वाटते. त्यांना यायचं होतं आणि आम्ही जुन्यांनी त्यांना परत पाठवलं.

ठाण्यातल्या 48 घरांच्या एका सोसायटीत मी सात वर्षं सेक्रेटरी होते. त्यामुळे सभेत कुठे ठिणगी पडते आणि ती कशाने विझते, हे बरंच जवळून बघितलंय. पहिलं घर घेऊन नुकत्याच सभासद झालेल्या मंडळींसाठी हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. इथे ज्याच्याशी तुमचं जुंपणार आहे, त्याच्या न्हाणीघरातलं पाणी कदाचित तुमच्या छतातून ठिबकत असतं. रात्री दोनला तुमच्या घरी कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर गाडी काढायला तोच माणूस खाली उतरणार असतो. तुमचा मुद्दा कितीही बरोबर असला, तरी तो मांडून झाल्यावर या माणसाबरोबर पुढची वीस वर्षं एकाच जिन्याने ये-जा करायची आहे. या लेखात पुढे जे काही सांगितलंय, ते सगळं या एका गोष्टीवरून सुचलेलं आहे.

सूचना हातात आली की

आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा व्हावी लागते. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठी ठरवून दिलेल्या नमुना नियमावलीनुसार, सूचना पूर्ण 14 दिवस आधी मिळायला हवी. विशेष सभेसाठी ही मुदत 5 दिवसांची आहे. हे 14 दिवस तयारीसाठीच दिलेले असतात. ते फुकट घालवून सभेत ताळेबंदाचं पहिलं पान उलगडणारा माणूस स्वतःचाही वेळ घालवतो आणि चाळीस जणांचाही.

सूचनेबरोबर जमा-खर्च, ताळेबंद, लेखापरीक्षकांचा अहवाल आणि मागच्या सभेचं इतिवृत्त येतं. नवीन सभासद सहसा आकडे आधी बघतात. माझा सल्ला असा, की आधी इतिवृत्त वाचा, आणि जमलं तर मागच्या तीन वर्षांचं वाचा. सभेतली निम्मी भांडणं आधीच ठरून गेलेल्या गोष्टींवर होतात. गच्चीला कुलूप का लावतात, पाहुण्यांच्या गाड्या आत का घेत नाहीत, संध्याकाळचं पाणी सातला का बंद होतं, या प्रत्येकामागे काहीतरी घडून गेलेलं असतं. ते माहीत नसताना "हा काय मूर्खपणा आहे?" असं कुणी विचारलं, की ज्यांनी त्या प्रसंगात रात्र रात्र जागून काढली त्यांना ते लागतं. कुलूप लागण्याआधी गच्चीवरून एक लहान मूल पडता पडता वाचलेलं असतं, आणि त्याचे आई-बाबा सभेत तुमच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेले असतात.

याच कायद्यानुसार सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीच्या सभेची इतिवृत्तं विनामूल्य बघता येतात. हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. तरीही मागताना "मला कायद्याने हक्क आहे" अशी सुरुवात करू नका. "काका, मी नवीन आहे, मागची मिनिट्स वाचायला मिळतील का?" एवढं म्हटलं की बहुतेक सेक्रेटरी खूश होऊन फाइल काढतात. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचणार, याचंच त्यांना अप्रूप असतं. टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज द्यायचा रस्ता मोकळा आहेच.

मग मेंटेनन्सचं बिल समोर घ्या. त्यातल्या प्रत्येक रकमेची वाटणी वेगळ्या हिशेबाने होते आणि हे माहीत नसल्यामुळे दर वर्षी तेच वाद होतात. वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, कार्यालयाचा खर्च असं सेवा शुल्क सगळ्या घरांना सारखं असतं. मोठ्या फ्लॅटने जास्त द्यावं ही मागणी सभेत ऐकायला रास्त वाटते, पण आदर्श उपविधी तसं म्हणत नाहीत. पाण्याचा खर्च घरातल्या नळांच्या संख्येवर वाटला जातो. लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, कुणी लिफ्ट वापरो वा न वापरो. सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी किमान 0.75 टक्के. घर भाड्याने दिलं असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. गळतीचंही तसंच. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची. वरच्या घरातल्या संडास-सिंकमधून येत असेल तर त्या सभासदाची.

एवढं वाचून गेलात तर सभेतल्या बऱ्याच गरमागरमीत तुम्हाला उतरावंच लागणार नाही. मात्र नियम माहीत असणं आणि समोरचा माणूस कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हे कळायला फार उशीर झाला. त्याबद्दल पुढे सांगतेच.

प्रश्न आधीच विचारा

हिशेबाबद्दल शंका असेल तर सभेच्या चार-पाच दिवस आधी खजिनदारांना चिठ्ठी द्या किंवा मेल करा. सभेत अचानक विचारलेल्या प्रश्नाला खजिनदाराकडे त्या क्षणी उत्तर नसतं, व्हाउचर घरी असतात, तो गडबडतो, आणि गडबडलेला माणूस चाळीस जणांना चोर दिसायला लागतो. आमच्याकडे एका उन्हाळ्यानंतर हेच झालं. एका नवीन सभासदाने उभं राहून विचारलं, "टँकरवर एवढे पैसे गेले कसे?" त्याच्या मनात काही नसेलही. पण 'गेले कसे' या दोन शब्दांनी खजिनदारांचा चेहरा उतरला. निवृत्तीनंतर रोज दोन तास फुकट हिशेब लिहिणारा तो माणूस त्यानंतर महिनाभर कार्यालयात आला नाही.

तोच प्रश्न असा विचारता आला असता: "मार्च ते मे किती टँकर मागवले, एकेक कितीला पडला आणि मागच्या वर्षी किती होते?" यात आरोप नाही. याचं उत्तर आकड्यांत देता येतं, आणि त्या उत्तरातून घोटाळा निघायचाच असेल तर तोही निघतो. संशय असेल तर तो दाबून ठेवा असं मी मुळीच म्हणत नाही. प्रश्न असा विचारा की प्रामाणिक माणसाला उत्तर देता यावं आणि अप्रामाणिक माणसाला देता येऊ नये.

सभेच्या दिवशी

वेळेवर जा. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. ते जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि बऱ्याच सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी होईल व तिला गणपूर्तीची अट नसेल. म्हणजे दहा जणांनी घेतलेला निर्णय अठ्ठेचाळीस घरांना लागू होतो. उशिरा येऊन "हे कधी ठरलं? परत घ्या विषय" म्हणणारे दर सभेत एक-दोघं असतातच. निदान तुम्ही त्यांच्यात नसा.

हजेरीपटावर सही करा. घर दोघांच्या नावावर असेल तर पहिलं नाव कुणाचं आहे ते बघून घ्या, कारण मत एका घराला एकच. स्वतः येता येत नाही म्हणून मुखत्यारपत्र देऊन कुणाला पाठवणं आदर्श उपविधींना मान्य नाही. इथे मला बायकांना वेगळं सांगायचंय. पहिलं नाव तुमचं असेल तर तुम्ही या. "हे जातात ना" म्हणून घरी राहू नका. पाणी किती वाजता जातं, कचरा कुठे साठतो, दुपारी गेटवर कुणी असतं की नाही, हे तुम्हाला माहीत असतं आणि सभेत बोलणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं.

पहिल्या सभेत पहिला तासभर फक्त ऐका. कोण बोलायला लागल्यावर बाकीचे मान फिरवतात, कुणाचं बोलणं कुणीच मध्ये तोडत नाही, कोणत्या दोन घरांचं जुनं वाकडं आहे, हे कळायला तेवढा वेळ लागतो. पाणी, पार्किंग आणि पुनर्विकास या तीन विषयांवर तर बोलण्याआधी दुप्पट ऐका. पुनर्विकासात कुणाचं उभ्या आयुष्याचं एकुलतं घर पणाला लागलेलं असतं. तिथे माणसं घाबरलेली असतात आणि त्यांची भीती रागाच्या आवाजात बाहेर पडते.

बोलायची वेळ आली की हात वर करा, नाव आणि घर क्रमांक सांगा आणि अध्यक्षांकडे बघून बोला. ही रीत उगाच पाळत नाहीत. "अध्यक्षमहाराज, 304 च्या समोरच्या जागेबद्दल मला म्हणायचंय" असं म्हटलं की वाक्य अध्यक्षांमार्फत जातं आणि त्याची धार कमी होते. "अहो, तुम्ही तिथे गाडी लावता" असं थेट वळून म्हटलं की समोरचा उठून उभा राहतो. वयाने मोठ्यांना काका-काकू, आजी, बरोबरीच्यांना अहो-जाहो. दहा वर्षं ज्याच्याशी अरेतुरेत बोलता, त्यालाही सभेत 'अहो' म्हणा. इतिवृत्तात जाणारं बोलणं आहे. आणि नवख्या माणसाला तुमच्यातली जवळीक बघून आपण परके आहोत असं वाटत नाही.

एका वेळी एकच विषय, दोन मिनिटांत. काय अडचण आहे, कधीपासून आहे, काय करावं असं तुम्हाला वाटतं. तिसरा भाग विसरू नका. नुसती तक्रार इतिवृत्तात 'चर्चा झाली' या दोन शब्दांत संपते. "बी विंगच्या पायऱ्यांवरचा दिवा महिनाभर बंद आहे, तो आठ दिवसांत बदलावा" हे वाक्य जसंच्या तसं ठरावात जाऊ शकतं.

भाषेचं म्हणाल तर आमच्या इमारतीत मराठी, गुजराती, तमिळ, मल्याळी, सिंधी अशी सगळी घरं आहेत. सभा मराठीत चालते, ती तशीच चालावी असं मला मनापासून वाटतं. पण मागच्या रांगेत कुणाच्या चेहऱ्यावर काही कळत नसल्याचं दिसलं, तर शेजारी बसून हळू आवाजात त्यांना अर्थ सांगा. आमच्या तळमजल्यावरच्या तमिळ आजोबांना एक कॉलेजातली मुलगी तीन वर्षं असं सांगत असे. चौथ्या वर्षी ते स्वतः उठून मराठीत बोलले. चुकत होते, पण सगळी सभा शांत बसून ऐकत होती.

समोरच्याचं म्हणणं आधी तुमच्या तोंडून येऊ द्या

आता माझी चूक सांगते.

आमची लिफ्ट जुनी झाली होती. नवीन बसवायची तर प्रत्येक घरामागे बरीच रक्कम येत होती. तळमजल्यावरच्या एका काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी लिफ्टचा एक पैसा देणार नाही." मी तयारीत होते. उपविधींचं पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं: लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, वापर असो वा नसो. सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "झालं, नियमच आहे, पुढचा विषय घ्या." काही जण हसले. काकू खाली बसल्या, ठराव मंजूर झाला, त्यांनी पैसेही भरले. त्यानंतर दोन वर्षं त्या सभेला आल्या नाहीत.

दोन वर्षांनी हळदीकुंकवाला त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या सासूबाई व्हीलचेअरवर बसलेल्या दिसल्या. इमारतीच्या दाराशी चार पायऱ्या आहेत. दर वेळी दवाखान्यात जाताना वॉचमन आणि काकूंचा मुलगा मिळून ती खुर्ची उचलत. काकूंनी तीन वर्षं सलग सभेत रॅम्प मागितला होता. तीनही वर्षं 'चर्चा झाली'. ती इतिवृत्तं मी स्वतःच्या हाताने लिहिली होती. वर राहणाऱ्यांच्या सोयीसाठी लाखो रुपये लगेच उभे राहतात आणि आपल्या चार पायऱ्यांसाठी पोतंभर सिमेंट मिळत नाही, हे त्यांना त्या दिवशी म्हणायचं होतं. मी त्यांना नियम वाचून दाखवला. नियम बरोबर होता. मला त्यांचं म्हणणं कळलंच नव्हतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आणि नवीन सभासदांना सगळ्यात आधी तीच सांगते. विरोध करायचा असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्याला विचारायचं: "काकू, मला जे कळलं ते असं, की लिफ्टचा खर्च तुमच्यावर टाकणं तुम्हाला अन्यायाचं वाटतंय, बरोबर का? की आणखी काही आहे?" आणि मग थांबायचं. खरंच थांबायचं, पाच-सात सेकंद. 'आणखी काही' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. त्या दिवशी मी ते विचारलं असतं तर रॅम्पचा विषय तिथल्या तिथे निघाला असता. समोरचा "नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं" म्हणाला तर त्याला पुन्हा सांगू द्या आणि तुम्ही पुन्हा मांडा. "हो, अगदी हेच" असं तो म्हणाला, की मग तुमचा विरोध सांगा. तोपर्यंत निम्म्या वेळा विरोधच उरत नाही आणि उरला तरी तो नेमका कशाला आहे हे दोघांनाही दिसतं.

ही काही माझी युक्ती नाही. आपल्याकडच्या शास्त्रकारांची चर्चेची पद्धतच अशी होती: आधी प्रतिपक्षाचं म्हणणं म्हणजे पूर्वपक्ष मांडायचा, तोही त्याच्या सगळ्या ताकदीनिशी, आणि मग आपलं उत्तर. 'न्याय' नावाच्या आपल्या जुन्या तर्कशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी करतात तो वाद. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडत राहणं म्हणजे वितंडा. आपण आज 'वितंडवाद' हा शब्द भांडणाला सरसकट वापरतो, पण मूळ अर्थ नेमका आहे, आणि सभेत त्याची खूप गरज पडते. कमिटीच्या प्रत्येक सूचनेला "नाही चालणार" म्हणणाऱ्याला अध्यक्षांनी शांतपणे विचारावं, "मग तुमची सूचना काय?" उत्तर आलं तर वाद सुरू झाला, नाही आलं तर विषय पुढे न्यावा.

त्याच शास्त्रात 'छल' म्हणून एक दोष सांगितलाय. नवा कांबळा पांघरलेल्या मुलाला कुणी 'नवकंबल' म्हणतं, त्यावर दुसरा म्हणतो, "कुठे आहेत नऊ कांबळी? मला तर एकच दिसतं." बोलणाऱ्याला 'नव' म्हणजे नवीन म्हणायचंय हे त्याला कळलेलं असतं, तरी तो 'नऊ' धरून बसतो. आमच्या सभेतलं उदाहरण देते. कुणी म्हणालं, "मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात, गाड्यांवर ओरखडे पडतात." लगेच उत्तर आलं, "म्हणजे तुम्हाला सोसायटीत मुलंच नकोत!" तसं कुणी म्हटलेलं नव्हतं. पण पुढची वीस मिनिटं मुलांवर प्रेम कुणाचं किती यावर गेली, आणि मुलांनी खेळायचं कुठे हा खरा प्रश्न तसाच राहिला. समोरच्याच्या वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर त्यातला शहाणा अर्थ धरून बोला. तुमच्या वाक्याचा कुणी भलता अर्थ काढला तर चिडू नका. "माझं वाक्य नीट आलं नसेल, पुन्हा सांगते" म्हणा आणि पुन्हा सांगा.

काही शब्द तोंडातून निघूच देऊ नका

'तुम्ही लोक'. या दोन शब्दांनी मी सभा मोडलेली बघितली आहे. त्यापुढे काय येणार होतं ते ऐकायला कुणी थांबत नाही. कुणाची जात, कुणाचा धर्म, कुणाच्या स्वयंपाकाचा वास, कुणाचं गाव, हे सभेचे विषय नाहीत, कुणी विनोदाने काढले तरी नाहीत. तसा विनोद झाला आणि सगळे हसले, तर ज्याच्यावर झाला त्याच्याकडे एकदा बघा. तोही हसत असतो, आणि ते बघवत नाही. अशा वेळी नवीन असलात तरी बोला. "अध्यक्षमहाराज, हे विषयाला धरून नाही" एवढंच पुरे असतं, आणि ते म्हणायला कुणीतरी एक जण लागतोच.

'भाडेकरू' हा शब्दही जपून वापरा. भाडेकरूला सभेत मत नाही, हे खरं. पण तोही त्याच जिन्याने चढतो. "भाडेकरूंमुळे सोसायटी खराब झाली" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्या कितीतरी जणांची स्वतःची पहिली दहा वर्षं भाड्याच्या घरात गेलेली असतात.

समोरच्याचा हेतू काढू नका. "कंत्राटदार तुमचा ओळखीचा आहे म्हणून" याऐवजी "आणखी दोन कोटेशनं मागवूया" म्हणा. काम तेच होतं.

आणि आवाज. आवाज चढला की खाली बसा, अक्षरशः खुर्चीत बसा. उभ्याने भांडता येतं, बसून भांडणं अवघड जातं. कुणी रडायला लागलं तर पाणी द्या आणि विषय दहा मिनिटं पुढे ढकलायला सांगा.

मतदान कधी, एकमत कधी

कायद्याने प्रत्येक सभासदाला एक मत आहे आणि मतं समान पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असतं. हात वर करून दोन मिनिटांत निकाल लागतो, त्यामुळे मतदानाचा मोह फार होतो.

इथे मला गडचिरोली जिल्ह्यातल्या, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाची आठवण होते. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं हे गोंड आदिवासींचं गाव. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यासगट बसतो. तिथे माहिती गोळा होते, बाहेरच्या जाणकारांना विचारलं जातं, आणि निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. एखाद्याला पटलं नसेल तर विषय पुन्हा पुढच्या बैठकीत येतो.

शहरातल्या सोसायटीत हे जसंच्या तसं जमणार नाही. आपल्याला रोजगाराच्या वेळा आहेत आणि कायद्याच्या मुदती पाळायच्या असतात. पण अभ्यासगटाची कल्पना आम्ही घेतली आणि तिचा फार उपयोग झाला. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर दोन वर्षं भांडण चाललं होतं. शेवटी दोन्ही बाजूंचे दोन-दोन जण निवडले आणि सांगितलं, की महिनाभरात तिघा कंत्राटदारांना बोलवा, गच्ची दाखवा, आणि चौघांनी मिळून एकच कागद आणा. चौघं एकत्र गच्चीवर उन्हात उभे राहिले, एकाच भेगेकडे बघितलं, आणि जे कागदावर आलं त्यावर सभेत दहा मिनिटंही लागली नाहीत. मोठ्या खर्चाचा विषय असेल तर मतदानाआधी अशी मागणी तुम्हीही करू शकता, नवीन असलात तरी.

मतदान झालं आणि तुम्ही हरलात, तर ठराव तुमचाही झाला. ठरलेले पैसे वेळेवर भरा. विरोध नोंदवून ठेवायचा असेल तर तिथेच, त्याच सभेत, "माझा विरोध नावानिशी नोंदवावा" असं सांगा.

सभा संपल्यावर

त्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काहीही लिहू नका. हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता आणि तो मोडला तेव्हा तेव्हा पस्तावले. सभेत जे बोलायचं राहिलं ते रात्री अकराला तिखट होऊन बाहेर येतं, आणि जे सभेला नव्हते ते अर्धवट वाचून बाजू घेतात. सकाळी लिफ्टमध्ये भेट झालीच तर आपण होऊन आधी बोला, पाऊस-पाण्याचं का होईना. सभा बऱ्याचदा गणपतीच्या आगेमागे येते. आरतीच्या ताटाला दोघांचेही हात लागणार असतात.

काही आठवड्यांनी इतिवृत्ताचा मसुदा येईल. तो वाचा. तुम्ही केलेली सूचना त्यात आहे का, 'चर्चा झाली' एवढ्यावर संपवलीय का, ते बघा. चुकीचं किंवा अपुरं असेल तर दिलेल्या मुदतीत लेखी कळवा, तेही गोडीत: "पान 2 वर विषय 4 मध्ये माझी सूचना अशी होती, ती घ्यावी." इतिवृत्तात नसलेली गोष्ट पुढच्या वर्षी कुणालाच आठवत नाही. आमच्या काकूंचा रॅम्प तिथेच तर हरवला होता.

तो झाला पुढे. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडून साधा अर्ज लिहून घेतला आणि पुढच्या सूचनेत विषय क्रमांक 6 म्हणून घातला. सभेत त्यांनी तीन वाक्यांत सगळं सांगितलं. अनुमोदन द्यायला पहिला हात वर झाला तो सहाव्या मजल्यावरच्या त्याच गृहस्थांचा. आता गॅसची सिलिंडरं, बाबागाड्या, पाण्याचे जार, सगळं त्या रॅम्पवरून वर येतं.

तुमचाही एखादा विषय असा राहून गेला असेल तर ऐनवेळच्या विषयांवर विसंबू नका. तोपर्यंत निम्मी सभा उठून गेलेली असते आणि मोठ्या खर्चाचा निर्णय तिथे घेणं योग्यही नाही. सूचना निघण्याच्या बऱ्याच आधी, मे-जूनमध्येच, कमिटीला लेखी द्या. एका पानात अडचण, सुचवलेला उपाय आणि अंदाजे खर्च लिहा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.